सूपभर दादर

शिट्टी वाजली आणि उषाबाईच्या हातातली भाकरी परातीतच फाटली. सुरतेतल्या उधन्याच्या या चाळीत आवाजांची काही वाण नव्हती. समोरच्या शेडमधले माग दिवसरात्र खटखटत, नळावर बायका एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरत, शेजारच्या सरलाबाईचा रेडिओ गुजरातीत बातम्या सांगे आणि उषाबाईला त्यातलं अर्धंच कळे. त्या सगळ्यात एखादी शिट्टी खपून जायला हरकत नव्हती. पण ही शिट्टी थेट दाराशी आली आणि तिच्यामागून हाक आली नाही. रोज या वेळेला हाक यायची, "कचरा वो माय, कचरा," अशी, शेवटचा शब्द जरा खाली सोडून दिलेली, म्हणजे द्यायचा तर द्या, नाही तर राहू द्या. ती हाक आली की उषाबाईचे हात आपोआप बादलीकडे जायचे, डोक्याला विचारायचेसुद्धा नाहीत. आज शिट्टीला हात उठेनात. पिठानं भरलेले हात परातीवर तसेच धरून ती ऐकत राहिली. खाटेवर बळीराम बसला होता. तीस वर्षं मागांवर उभं राहून त्याचे कान गेले होते, पण बायकोचा चेहरा त्याला अजून ऐकू यायचा. "कोन उना?" त्यानं विचारलं. "लारी उनी," ती म्हणाली. "कोन?" "लारी! कचरानी लारी!" त्यानं मान डोलावली, गावाकडून कुणी लारीबाई पाहुणी आल्यासारखी, आणि पुन्हा बिडी शोधायला लागला.

बादली घेऊन ती बाहेर आली. हिरव्या रंगाची नवीकोरी हातलारी, तिच्यावर दोन पत्र्याचे डबे, लारी ओढायला निळ्या सदऱ्यातली दोन तरणी माणसं, आणि त्यांच्यामागे गळ्यात शिट्टी अडकवलेला, डोक्यावर टोपी घातलेला सुपडू. तिचा सुपडू. पहाटे घरातून निघताना त्यानं ती टोपी आरशात चार वेळा सरळ केली होती. आता मात्र त्यानं आईकडे असं पाहिलं, जसं कुठल्याही घरवाल्या बाईकडे पाहावं. कामावरच्या माणसानं कामावर घरची ओळख दाखवू नये, एवढं तिलाही कळत होतं, आणि मनात थोडी फुशारकीही होती, सुपरवायझर झालाय म्हणून. तिनं बादली डब्यात उलटी केली. मग सवयीनं तिची नजर गल्लीच्या टोकाला गेली, जिथे शेडच्या भिंतीला लागून, वेड्या बाभळीखाली चाळीचा उकिरडा होता. उकिरडा नव्हता. रात्रीतून तो उचलून नेला होता, जमीन खरवडली होती आणि तिच्यावर पांढऱ्या पावडरीचा जाड पट्टा ओढला होता. बाभूळसुद्धा छाटली होती. सरलाबाई आपल्या उंबऱ्यावरून म्हणाली, "देखा का उषाबाई, कसं चोखंचट करी टाकं!" आणि खरंच, चोखंचट झालं होतं. वास नव्हता, डुकरं नव्हती, माश्या नव्हत्या. दुसऱ्या कुणाचं डोळ्यांचं पारणं फिटलं असतं. उषाबाईला मात्र कुणी मेलेलं नसताना घरातून प्रेत गेल्यासारखं वाटलं, आणि आपल्याला असं का वाटतंय हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

कारण सुपडू त्या उकिरड्यावरून आला होता. खानदेशातल्या कुणालाही सुपडू म्हटलं की अर्धी गोष्ट सांगावी लागत नाही. ज्या घरात पोरं जगत नाहीत, तिथे जगलेल्या पोराला सुपात घालून उकिरड्यावर टाकतात, म्हणजे सटवीला वाटावं की हे टाकाऊ आहे, याच्यात काही राम नाही. दुसरी बाई ते उचलते, आई तिच्याकडून मूठपसा धान्य देऊन विकत घेते, आणि मग ते विकतचं पोर मरणाच्या हिशेबात धरलं जात नाही. अशा सुपडूंनी, कचरूंनी आणि उखर्डूंनी गावंच्या गावं भरलेली आहेत. उषाबाईची पहिली मुलगी बारशाआधी गेली होती, दुसरा मुलगा बारशानंतर. तिसऱ्याच्या वेळी सासू गावाहून मुद्दाम आली, येताना दादर घेऊन आली. आपल्याकडची ती पांढरी, टपोरी ज्वारी, सुरतेच्या दुकानात मिळत नाही म्हणून. उचलायला सरलाबाई कबूल झाली होती. सगळं ठरलं होतं. सुपात जुनं लुगडं अंथरून सासूनं पोर उकिरड्याच्या कडेला ठेवलं, आणि माघारी न बघता येऊन उषाबाईला दंडाला धरून दारात उभं केलं. आईनं त्या पोराला हात लावायचा नव्हता, दुसरीनं उचलेपर्यंत. आणि सरलाबाईचं दार उघडेना. तिच्या पोराला सकाळपासून अंग गरम लागत होतं. अशा दिवशी दुसऱ्याची पीडा कोण उचलणार? उषाबाईनं तिला त्याचा दोष कधी दिला नाही. पण ते बंद दार, त्यावरचा निळा रंग, कडीला बांधलेली लिंबू-मिरची, आणि तिकडे उकिरड्यावर रडणारं पोर, पाच दिवसांचं, हे सगळं तिच्या अंगात कुठे तरी तसंच राहिलं होतं. एक डुकरीण आपली पिल्लं घेऊन बाभळीखाली आली. उषाबाईनं हिसका दिला, सासूनं दंड आणखी घट्ट धरला. पान्ह्यानं तिची चोळी भिजली.

तेव्हा शांताबाई आली. बहात्तरच्या दुष्काळात जालन्याकडून सुरतेला आलेली, त्या आठवड्यात झाडकामाला लागलेली, चाळीत तिचं नावही कुणाला माहीत नव्हतं. हातात खराटा, काखेत टोपलं. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तिच्याही गावाकडे धोंडू-कचरू असतीलच, पण परक्या शहरात, परक्या उकिरड्यावर, रडणारं पोर दिसल्यावर बाईला रीत आठवत नाही. तिनं खराटा टाकला, पोर उचललं आणि चाळीकडे तोंड करून तोंडाचा पट्टा सोडला. "कोन्या सटवीनं टाकलं गं हे? देवानं दिल्यालं टाकाया हात धजावला कसा?" बायका दारादारांतून हसायला लागल्या, त्यांना वाटलं, सासूनं ही बाई ठरवलेली दिसते आणि बाई झकास सोंग करते. शांताबाई तिथेच बसली, उकिरड्याच्या कडेला, आणि तिनं पोर छातीशी लावलं. तिला दूध होतं. तिचं स्वतःचं तान्हं येताना मनमाडच्या फलाटावर गेलं होतं, हे पुढे कळलं. पोर चुपचाप प्यायलं. मग सासू सूपभर दादर घेऊन पुढे झाली आणि रीतीप्रमाणे म्हणाली, "बाई, हाई पोऱ्या आमले इकत दे." शांताबाईनं मान वर केली. "इकाया ते काय गाजर हाय व्हय? टाकल्यालं म्या उचललंय. आता माजं हाय." पुन्हा हशा. उषाबाई तेवढी हसली नाही. ती जवळ गेली होती, तिला त्या बाईचे डोळे दिसत होते. ते सोंग नव्हतं. शेवटी कुणी तरी तिला समजावून सांगितलं. "म्हंजी खोटं खोटं टाकलंतं?" शांताबाईनं विचारलं, आणि बराच वेळ ती पोराच्या टाळूकडे पाहत राहिली. मग तिनं पोर दिलं. दादर पदरात घेतली, कारण आदल्या दिवसापासून ती जेवली नव्हती. पोराचं सूपही तिलाच दिलं, कारण ते पुन्हा घरात आणायचं नसतं. असा तो सौदा झाला. एकीच्या दृष्टीनं तो रीतीचा होता आणि दुसरीच्या दृष्टीनं खरा, आणि उषाबाईला पुढे नेहमी वाटत राहिलं की आपण हातचलाखीनं कुणाचं तरी पोर आणलंय.

गावी परत जाताना सासूनं बजावलं, "पोऱ्याले कधी सांगू नको कोनकडथून लिधं ते. ज्या दिन त्याले कळी, त्या दिन सौदा मोडी." विकत घेतलेल्या वस्तूला तिचा जुना धनी सांगायचा नसतो, असा काहीसा तिचा हिशेब असावा. उषाबाईचा यावर विश्वास होता का? कुणी शपथ घालून विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. पण दोन गेली होती. आणि विश्वास नसला तरी भीती असतेच, तिला पुरावा लागत नाही. तिनं चाळीत सगळ्यांची तोंडं धरली. बायकांनाही पाळणं अवघड गेलं नाही. झाडणारीनं पाजलेलं पोर ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगण्यासारखी कुणाला वाटत नव्हती. हळूहळू ती विसरली गेली. शांताबाई रोज यायची. टोपल्यात कचरा घ्यायची, शिळं-पाकं काही दिलं तर पदरात घ्यायची, पाणी मागितलं तर तिच्या ओंजळीत वरून घालायचे. उषाबाईही वरूनच घालायची. जाताना मात्र ती विचारायची, "लेकरू जेवलं का?" नाव कधी घेतलं नाही. सुपडू शाळेत गेला, नापास झाला, मिशी फुटली, मागावर लागला, मागावरून भांडून निघाला, तरी लेकरू जेवलं का. उषाबाई म्हणायची, "जेवना," म्हणजे जेवला. दिवाळीच्या पाडव्याला पहाटे घरचा केर, जुना झाडू आणि दिवा घेऊन ती उकिरड्यावर जायची, इडा पिडा टळो म्हणायची, तेव्हा शांताबाई तिथे आधीच उभी असायची. दोघी त्या दिव्याकडे बघत राहायच्या. उषाबाई तिच्या पदरात लाडू टाकायची. या एवढ्या मोठ्या शहरात आपलं खरं गुपित जिला माहीत आहे अशी ही एकच बाई, असं तेव्हा उषाबाईला वाटायचं, आणि त्याच क्षणी तिची भीतीही वाटायची.

मागल्या वर्षी भाद्रपदात प्लेग आला. म्हणजे प्लेग होता की नव्हता यावर डॉक्टर लोक अजून भांडतात, पण सुरत रिकामी झाली ती काही भांडणापुरती नव्हे. स्टेशनावर माणसावर माणूस, भुसावळकडच्या गाड्यांच्या टपांवर माणसं. सरलाबाई रेडिओसुद्धा न घेता पळाली. उषाबाईचं घर तेवढं जागचं हललं नाही, कारण सुपडूला ताप भरला होता आणि तापलेल्या माणसाला कुणी डब्यात घेत नव्हतं. तोंडाला फडकं बांधून ती त्याच्या उशाशी बसली होती. गल्लीत कुत्रं नव्हतं, मागसुद्धा बंद, आणि त्या शांततेत बळीराम एकटाच सुखी होता, त्याला काही फरक कळत नव्हता. तेव्हा हाक आली, "कचरा वो माय." शहरातले मोठमोठे दवाखाने कुलूप लावून गेले आणि शांताबाई उंदीर उचलत फिरत होती. झाडणाऱ्यांना वाटलेल्या गोळ्या होत्या तिच्याकडे, बाजारात सोन्याच्या भावानंही न मिळणाऱ्या. तिनं पदराची गाठ सोडून पुडी उंबऱ्यावर ठेवली. "लेकराला द्या." "आनि तू?" उषाबाईनं विचारलं. "मला काय हुतंय," ती म्हणाली आणि टोपलं उचलून चालायला लागली. पुढे सुपडूचा ताप उतरला. तो हिवतापच होता, असं नंतर कळलं. तेव्हा कुणाला माहीत? सुपडूला सांगितलं, बापानं कुठून तरी गोळ्या आणल्या. बापाला ते ऐकू आलं नाही म्हणून त्यानंही मान डोलावली.

मग शहर जागं झालं. रस्ते धुवायला लागले, ढीग उचलायला लागले, कधी न दिसणारे साहेब गटारांत वाकून बघायला लागले. गरज सरो वैद्य मरो, एवढंच शांताबाईच्या वाट्याला आलं. पंधरवड्यापूर्वी चाळीच्या चौकात खुर्च्या मांडून नगरसेवकानं सभा घेतली. घरोघरचा कचरा आता ठेक्यानं द्यायचा होता आणि दोन ठेकेदार पुढे आले होते. एकाचं म्हणणं, ढीग आहे तिथेच राहील, झाडणाऱ्या बायकाही त्याच राहतील, ट्रॅक्टर मात्र रोज येईल. दुसऱ्याचं म्हणणं, ढीगच नको. दारोदार लारी, तरणी माणसं, वर शिट्टी. या दुसऱ्यानं सुपडूला सुपरवायझर करायचं कबूल केलं होतं, ठेका मिळाला तर. निर्णय वर कुठे तरी झालेलाच असणार, पण लोकांना हात वर करायला लावले की त्यांना वाटतं आपणच केला. "जेने नवी लारी जोईए, ए हाथ ऊंचो करो," नगरसेवक म्हणाला. हातच हात वर झाले. उषाबाईचाही झाला. तिला वास आठवला, माश्या आठवल्या, टोपी घातलेला सुपडू दिसला, आणि हात वर असतानाच भिंतीला टेकून उभी असलेली शांताबाई दिसली. ती दुसऱ्या कुणाकडे बघत नव्हती. उषाबाईच्या हाताकडेच बघत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं. पण वर गेलेला हात खाली घेतला तर ते सगळ्यांना दिसलं असतं. दुसऱ्या दिवशी कचरा घेताना शांताबाईच म्हणाली, "हात वर केला ते बरं केलं. लेकराची नोकरी हाय." उषाबाईनं त्या दिवशी ताजी भाकरी दिली, शिळी नाही. तेवढंच सुचलं.

दुपारी सुपडू जेवायला आला तेव्हा तिनं विषय काढला. लारीचा पहिला दिवस, तो खुशीत होता, ताटावर बसल्या बसल्या सांगत होता, शेठ काय म्हणाला, साहेब काय म्हणाले, पूरा वॉर्डमा एक बी ढगलो नही, कुठे ढीग म्हणून उरला नाही. तिनं दोनदा आमटी वाढली. मग म्हणाली, "भाऊ, शांतानं काय? तिले ठेव ना कामवर." "कोन शांता?" त्यानं विचारलं. "आपली. झाडनारी." "ती? माय, ती म्हातारी लारी कशी वढी? शेठ ना पाडे छे, नहीच म्हनस." "वढू नको देऊ. झाडाले ठेव." सुपडू हसला. वाईट हसला नाही. तो वाईट नव्हताच. "एकले ठेवं ते दहा येतीन. कोना कोनाले ठेवू? आपला घरनी ऱ्हाती ते गोष्ट येगळी व्हती." घरनी राहती तर. उषाबाई त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. वरच्या ओठावर भाताचं शीत होतं. हेच तोंड तिनं एकदा दुसरीच्या छातीला लागलेलं पाहिलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, फार तर दोन. ते जिभेवर आलंही. आणि त्याच वेळी त्याला ठसका लागला, मिरचीचा, साधा ठसका, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिच्या डोळ्यांपुढे निळं दार उभं राहिलं. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "काय म्हनी ऱ्हायंतीस?" त्यानं पाणी पिऊन विचारलं. "काही नही. भात लेस का आखो?" त्यानं घेतला. दुपारभर ती भांडी घासत राहिली, घासलेलीच पुन्हा. आपण भित्र्या आहोत, हे तिला माहीत होतं. पण भिऊनच तर हा एवढा मोठा झाला, असंही तिला वाटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असल्यावर माणसानं करायचं काय हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.

उन्हं कलली तेव्हा ती दारात तांदूळ निवडत होती. सुपडू मागल्या मोरीत अंघोळ करत होता, तांब्याचा आवाज येत होता. गल्लीच्या टोकाकडून, त्या पांढऱ्या पट्ट्यावरून, शांताबाई आली. खराटा नव्हता, टोपलं नव्हतं. धुवट लुगडं नेसली होती, आणि दोन्ही हातांनी पुढे धरलेलं सूप होतं, वर फडकं झाकलेलं. भरलेलं सूप धरतात तसं धरलं होतं तिनं, पोटाशी. उषाबाईच्या हातातलं ताट कललं आणि तांदूळ पायरीवर सांडले. आलीच ही. दादर घेऊन आली. आपली दादर घ्या आणि माझं पोर द्या म्हणायला आली. इतकी वर्षं ज्याला आपण भ्यालो ते आज, लारीच्या पहिल्याच दिवशी, धुवट लुगडं नेसून दारात आलं. तिला वाटलं, मोरीचं दार बाहेरून लावून घ्यावं. तिला वाटलं, पाय धरावेत. ती जागची उठलीसुद्धा नाही. शांताबाई पायरीपाशी थांबली, सांडलेल्या तांदळावर पाय पडू नये म्हणून जरा बाजूला झाली.

"हे तुमचं," ती म्हणाली. "लेकीकडं चालले, जालन्याला. तितं तिचं हाय सूप. ह्ये कुटं नेऊ गाडीत?"

"कधी?" उषाबाईनं विचारलं.

"सकाळच्या गाडीनं."

तिनं फडकं काढलं. सूप रिकामं होतं. मेथीच्या लगद्यानं इतक्यांदा सारवलेलं की मूळचा बांबू दिसत नव्हता, कडेला लुगड्याच्या काठांच्या चिंध्या बांधून बांधून धरलेलं. एवढी वर्षं ती यात पाखडत आली होती. शांताबाईनं पहिल्यांदाच उषाबाईच्या डोळ्यांत डोळे घातले. "मोकळंच आनलंय," ती म्हणाली. "भरून न्हाई आनलं. भिऊ नगा."

म्हणजे तिला माहीत होतं. सासूचं बोलणं, भीती, वरून घातलेलं पाणी, ताजी भाकरी, सगळं माहीत होतं, आणि रोज लेकरू जेवलं का एवढंच विचारून ती जात होती. उषाबाईला रडू फुटलं नाही. फुटलं असतं तर बरं झालं असतं. आत ये, बस, असं तिला म्हणायचं होतं, पण ते शब्द या दारात त्या बाईसाठी कधी वापरलेले नव्हते आणि आयत्या वेळी सापडले नाहीत. तेवढ्यात सुपडू टॉवेल गुंडाळून, केस झटकत बाहेर आला. "कोन शे, माय? अरे, मावशी! चाली का गावले?" तो मोकळेपणानं म्हणाला. "सारू, सारू. जय श्रीकृष्ण हां." शांताबाईनं त्याच्याकडे पाहिलं, ओल्या केसांपासून पायांच्या बोटांपर्यंत, बाजारातून आणलेली वस्तू घरी आल्यावर नीट बघावी तसं. मग लांबूनच हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. "जेवलं का लेकरू?" तिनं उषाबाईला विचारलं. "जेवना," उषाबाई म्हणाली. सूप पायरीवर ठेवून शांताबाई गेली. ते घरात घ्यायचं नसतं, म्हणून उषाबाईनं ते दाराबाहेर, वळचणीखाली भिंतीला टेकवून ठेवलं आणि सांडलेले तांदूळ एक एक करून वेचले.

सकाळी लारीची शिट्टी वाजली तेव्हा गाडी सुटून गेली असणार. उषाबाईला आदल्या रात्रीपासून डोळ्याला डोळा नव्हता. स्टेशनावर जावं असं तिच्या तीन-चार वेळा मनात आलं होतं आणि दर वेळी बळीरामचा चहा, नळाचं पाणी, काही तरी आडवं आलं होतं, किंवा तिनंच ते आडवं आणलं होतं. ती बादली घेऊन बाहेर आली. आज सुपडूनं तिच्या हातातून बादली घेतली आणि स्वतः ओतली, घरच्यासारखी. मग त्याची नजर वळचणीखाली गेली. "माय, हाई फाटेल सुपडं कोनं शे? साहेब लोके आज राउंडवर येनार शेतस," असं म्हणत त्यानं ते उचललं आणि डब्यात फेकलं. पालथं पडलं ते. वर सरलाबाईच्या घरची वांग्याची देठं, चहाचा चोथा, भिजलेला कागद. निळ्या सदऱ्यातल्या माणसानं लारीचा दांडा उचलला.

उषाबाईनं दोन्ही हात डब्यात घातले. कोपरापर्यंत. सरलाबाई "अवं, अवं" म्हणत राहिली. तिनं सूप ओढून काढलं, पदरानं पुसलं, चोथा गेला नाही तेव्हा नखांनी खरवडला. "हाऊ कचरा नही शे," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "यामा तू व्हता."

सुपडू हसत होता, तो थांबला. सुपात आपण होतो हे त्याला माहीत होतं, नावच ते. ते सूप अजून आहे हे त्याला माहीत नव्हतं. "हाई तेच? कोनकडे व्हतं?"

"जिनी तुले उचलं, तिनकडे. जिनकडथून इकत लिधा." ती थांबू शकली असती. इथेही थांबता आलं असतं. "शांतानी उचलं तुले. उकिरडावरून. दूध बी तिनंच पाजं. मागला वरीसन्या गोळ्या बी तिन्याच."

चाळीत सगळे आवाज चालू होते, माग, नळ, रेडिओ. सुपडूनं टोपी काढली. गल्लीच्या टोकाच्या त्या स्वच्छ जागेकडे पाहिलं, आदल्या दिवशी ज्या जागेचा त्याला एवढा अभिमान होता. मग आईकडे. तो रागावला असता तर तिनं सोसलं असतं. तो लहान आवाजात म्हणाला, "मंग काल काबर नही सांगं, माय? मी तिले ठेवतू ना."

"तू जित्ता ऱ्हावाले पाहिजे म्हनीसन," उषाबाई म्हणाली.

त्याला ते कळलं की नाही, तिला समजलं नाही. त्यानं टोपी पुन्हा घातली, आरशाशिवाय, वाकडी बसली. लारी पुढे सरकली. पुढच्या दाराशी बाई बादली घेऊन उभी होती, त्याच्या पुढच्याही, पण शिट्टी वाजली नाही. ती त्याच्या गळ्यात नुसती हलत राहिली. बळीराम खाटेवरून ओरडून विचारत होता, कोण आलं म्हणून. सूप छातीशी धरून उषाबाई सुपडूच्या पाठीकडे बघत होती. तो नीट चालतो ना, पाय नीट टाकतो ना, हे बघत होती. गल्लीच्या टोकाला, पांढऱ्या पट्ट्यापाशी लारी वळली. वळताना पावडर उडाली आणि सुपडू खोकला. पावडरीनं कुणीही खोकतो. तो पुन्हा एकदा खोकला आणि दिसेनासा झाला, आणि उषाबाई तिथेच उभी राहून तिसऱ्या खोकल्याची वाट बघायला लागली.